मांडेवाल्या अक्काचा लोटा

द्वारकाअक्का मला रोज शिव्या द्यायची. ज्या दिवशी तिनं शिवी दिली नाही, त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो. पण ते नंतर. माझी सवयच वाईट, भाजी शिजायच्या आधी वाढायला घेतो.

मी लग्नातला आचारी. मूळ बोदवडकडचा, राहायला धुळ्याला. शाळेत दोन वर्षं गेलो, दोन्ही वर्षं पहिलीत. हे जे तुम्ही वाचता ते मी बोललो आणि माझ्या पोरीनं मोबाईलवर उतरवलं. मधेच ती थांबते. "आबा, हे असं उघडं नका सांगू, लोकं वाचतील." मी म्हणतो, अक्कानंच सांगितलंय मोठ्यानं वाचायला. ते कधी सांगितलं, ते येईल पुढे.

अक्का सोनगीरची. उंचीला कमी, दंडाला पैलवान. खापरावरचे मांडे करायची. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत पसरायचा, कोपरापासून बोटांपर्यंत, धोतराच्या पदराएवढा मोठा आणि तेवढाच पातळ, आणि चुलीवर उलट्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. एकदा हातावर घेतला की बाईचे दोन्ही हात बांधलेले. नाकावर माशी बसली तरी उडवता येत नाही. मी एकदा करून पाहिला. माझा मांडा खापरावर कमी आणि माझ्या डोक्यावर जास्त बसला. त्यानंतर अक्का मला वर्षभर "पुरणपागोटा" म्हणत होती.

सोळा वर्षं आमच्या चुली शेजारी. इकडे माझं भरीत आणि शेवभाजी, तिकडे तिचे मांडे. तिचं हसणं असं, की आधी आवाज नाही, नुसतं पोट हलायचं, मग खांदे, आणि मग एकदम स्टँडवरची गाडी चालू व्हावी तसा भडका. मी त्या हसण्याचा गिऱ्हाईक होतो. घरी बायको हसत नाही, पोरगी हसत नाही, गिऱ्हाईकं तर मीठ कमी म्हणून उलट रडतात. एक अक्का हसायची. म्हणून मी तोंड बंदच करायचो नाही.

"हसाडू नको रे रघ्या! तुना मढा निंघो! हात रिकामा नही शेत मना!"

आणि दर वेळी काय व्हायचं, ती हसली किंवा माझ्या फोडणीनं शिंकली, की हातातला मांडा कसाबसा खापरावर टाकायची आणि तोच हात पितळी लोट्याला लागायचा. लोटा सांडायचा थेट तिच्या मांडीवर. मग अक्का लोट्याला शिव्या द्यायची, मला शिव्या द्यायची, आणि ओल्या लुगड्यानं पुढचा गोळा घ्यायची. सोनगीरचा लोटा, तांबट आळीतला, जाड बुडाचा. वादळात हलणार नाही असा. तो रोज सांडायचा.

मला वाटायचं बाई धांदरट आहे. सोळा वर्षं वाटत होतं. यावरून माझी अक्कल मोजा.

तिची दुसरी सवय खोट विचारायची. कुंभाराकडे खापर घ्यायला मी तिला टेम्पोतून न्यायचो. ती खापर उचलायची, बोटाच्या मागच्या बाजूनं टिचकी मारायची, कान लावायची, आणि विचारायची, "याना मा खोट काय शे?" कुंभार म्हणाला, "काहीच खोट नाही अक्का, एक नंबर माल," की खापर खाली. पुढचं दुकान. एखादा म्हातारा म्हणाला, "या बाजूनं जरा पातळ शे, जाळ तिकडे कमी लावजो," की लगेच घेतलं.

मी म्हटलं, "अक्का, चांगलं सोडलं अन् खोटीचं घेतलं?"

"जो पयले खोट सांगस ना, त्याना माल खरा. बिनखोटना माल जगमा नही. तू सोताच दख."

तेव्हा मी हसलो होतो. 

आता तो दिवस. साक्रीकडचं लग्न. मोठा मांडव, माईक. पंगत बसली की आवाज द्यायला माईक माझ्याकडे दिला. ज्यानं दिला तो चुकला. माझ्या हातात माईक म्हणजे बकऱ्याच्या तोंडात कोथिंबीर. पंगतीला बसा म्हणून झालं, नवरदेवाची टिंगल करून झाली, मग नजर अक्काकडे गेली. बाया सगळ्या तिच्या भोवती मांडे बघायला जमलेल्या. मी म्हटलं, "माय-बहिणींनो, अक्काच्या जवळ बसताना छत्री घेऊन बसा. बाईच्या हातात वीस मांडे टिकतात, पण एक लोटा टिकत नाही! पांझरेला पूर येतो तो हिच्याच लोट्यातून!"

मांडव हसला. अक्काही हसली. आधी पोट हललं, मग खांदे, मग भडका. हातावर मांडा पूर्ण पसरलेला, खापर अजून पुरतं तापलेलं नाही, म्हणजे टाकताही येईना. दोन्ही हात अडकलेले. आणि मी बघतो तर तिचं लुगडं ओलं होत चाललेलं. पुढून. हळूहळू. आणि लोटा शेजारी उभा. काठोकाठ भरलेला.

बायांनी आधी लुगड्याकडे पाहिलं, मग लोट्याकडे. नवरदेवाची आत्या पदर नाकाला लावून मागे सरकली.

अक्कानं मांडा वाया घालवला नाही. खापर तापू दिलं, अलगद टाकला, भाजला, चौघडी घातली, पाटीत ठेवला. मग उठली आणि मांडवाच्या मागच्या बाजूनं निघून गेली. जाताना माझ्याजवळून गेली. मी शिवीची वाट पाहिली. दिली नाही.

घरी येऊन बायकोला, सिंधूला, सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या, होतं असं. तिनं लाटणं ठेवलं.

"सोळा वरीस तू तिना जोडे बसना, आन तुले समजनं नही? ती बाई तो लोटा जानीसन सांडे! लोकसले वाटो पाणी पडनं म्हणीसन!"

तिनं लाटणं परत उचललं आणि माझ्यावर रोखलं.

"आन माले शिंक उनी का मी दार धरीसन पाय काबर आवळस? तुले काय वाटस, मी नाचस?"

खरं सांगतो, मला तसंच वाटायचं. मी एकदा तिला ताल पण दिला होता.

त्या वर्षी अक्काला सांगावे येईनात. ज्या घरांत तिच्याशिवाय हळद लागत नव्हती, तिथून निरोप, "यंदा मांडे नकोत, गुलाबजाम सांगितलेत." काहींनी दुसरी बाई लावली. तिचे मांडे मी खाल्ले. चपलेला पुरण लावलंय असं वाटलं. कुजबूज माझ्या कानावर यायची, चुलीजवळ असली बाई, पुरणाला हात. जिच्या हातानं शेकडो लग्नं जेवली, तिची चूल एका विनोदानं विझली, आणि विनोद माझा.

मी सोनगीरला गेलो. पाया पडायला वाकलो तर खिशातली तंबाखूची डबी तिच्या पायावर पडली. अंगठ्याला लागलं. तिनं शिवी दिली, चांगली तीन पिढ्यांची. मला बरं वाटलं.

"अक्का, डॉक्टरकडे चल. मी नेतो."

"धाकला आंडोर व्हयना तईपासून शे हाई. सासू बोले, बाईना जलमले हाई राहसच. मी लोटा सांभाळा. आते लोटाबी गया." मग चुलीकडे बोट दाखवलं. "चुलाजोडे बसता ई का माले परत?"

तिचा नवरा कधीच गेलेला, मोठा आंडोर म्हणजे पोरगा सुरतला कापडाच्या कारखान्यात, धाकटाही तिथंच. म्हणून कागदावर भाऊ म्हणून मी लागलो.

पहिला डॉक्टर जवळचाच. गोड माणूस. म्हणाला, "लघवीच्या वाटेखाली आधाराची पट्टी बसवून टाकू. दहा मिनिटांचं काम. काहीच होत नाही."

"काहीच नही?"

"काहीच नाही मावशी. एकदम सेफ."

अक्का उठली. बाहेर येऊन म्हणते, "ज्याले सोताना खापरनी खोट माहीत नही, त्याना खापर मी चुलावर नही ठेवस."

मग जळगाव. तिथे डॉक्टरीणबाई, वय असेल माझ्या पोरीएवढं. तिनं अक्काला आधी खोकायला लावलं, तपासलं, आणि म्हणाली, "ऑपरेशन नंतर. आधी तीन महिने व्यायाम." लघवी अडवताना जो स्नायू आवळतो तो आवळायचा, दहा मोजायचे, सोडायचा. दिवसातून तीनदा. चहा कमी करायचा, वजन कमी करायचं.

अक्कानं तो व्यायाम आपल्या पद्धतीनं बसवला. घरच्या घरी मांडे करायची, मांडा हातावर पसरेपर्यंत आवळायचं, खापरावर टाकला की सोडायचं. त्या तीन महिन्यांत सोनगीरच्या अर्ध्या गल्लीला फुकट मांडे मिळाले. मला नुसतं दिसायचं की अक्का तोंड गच्च मिटून मोजतेय. मी विचारलं, "काय मोजतेस?"

"तुनी अक्कल. दहाना वर जातच नही."

फरक पडला. शिंक आता सांभाळता यायची. पण पाण्याची घागर उचलली की नाही, आणि हसली की तर नाहीच. डॉक्टरीणबाईंना तिनं तसंच सांगितलं. म्हणाली, "शिंक थांबनी. रघ्या नही थांबना."

मग पट्टीचं बोलणं निघालं. बाईंनी नमुना दाखवला. बोटभर रुंद, निळसर, जाळीची. अक्कानं ती चिमटीत धरली, ओढून पाहिली, उजेडात धरली.

"हाऊ त सुरतना धागा शे. मना आंडोर असाच इणस." मग विचारते, "आटस का?"

बाई चकित झाल्या. "आटते थोडी. म्हणून आम्ही ओढून नाही बसवत, सैल ठेवतो. नुसता आधार द्यायचा. हसलं, खोकलं की तेवढ्यापुरता टेकू."

"आते खोट सांग."

आणि त्या पोरीनं सांगितली! एकेक. बसवताना सुई मूत्राशयाला लागू शकते, म्हणून आतून दुर्बिणीनं बघून घेतात. जंतू होऊ शकतात, रक्त जाऊ शकतं. नंतर लघवी अडू शकते, काही दिवस नळी ठेवावी लागते, कधी पट्टी सैल करावी लागते. काहींना उलट घाई लागायला लागते, जांघेत दुखतं. काही बायांना पुढे कधीतरी पट्टीचा तुकडा आतून उघडा पडतो, टोचतो, मग मलम, नाहीतर परत कापाकापी.

अक्का बोटांवर मोजत होती. "आखो?"

"आणि मावशी, एकदा बसली की सगळीच्या सगळी काढणं फार अवघड. पोटातला स्वतःचाच पडदा घेऊनही हे करता येतं, त्यात ही जाळी नाही. पण चीर मोठी, बरं व्हायला वेळ."

"आखो?"

"आणि एवढं करून काही बायांचं पूर्ण थांबतच नाही."

सातवं बोट मुडपलं तेव्हा माझ्या डोळ्यापुढे अंधारी आली आणि मी खुर्चीवरून घसरलो. नर्सनं पाणी मारलं. शुद्धीवर आलो तर अक्का वरून बघतेय.

"ऑपरेशन कोनं शे रे?"

मग बाईंकडे वळून म्हणाली, "पोटना पडदा राहू दे, घागर उचलाले लागस तो. पट्टी बसाड. तू खरी शे."

ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं कागद आणला. अक्काचा अंगठा, माझा अंगठा. अक्का म्हणाली, "वाच." नर्स हळू आवाजात वाचायला लागली, कारण बाहेर बाकावर बाया बसलेल्या.

"मोठ्ठा वाच. लपाडी लपाडीसन माले इतला वरीस व्हयनात."

नर्सनं मोठ्यानं वाचलं. लघवी, शिंक, हसणं, पट्टी, खोट, सगळं. बाकावरच्या बाया आधी जमिनीकडे बघत होत्या. मग एक जवळ सरकली. एक बुरखेवाली चाची नातवाला औषध घ्यायला आली होती, ती म्हणाली, "बाजी, ये तो मेरे को भी होता है. मैं तो समझी, बुढ़ापा है." मग तिसरी, मग चौथी. नर्सला दोन पानं परत वाचावी लागली. मी एकटा बाप्या मधोमध, टोपी तोंडावर धरून. त्या दिवशी मला जोक सुचला नाही, आणि सुचला असता तरी मी गिळला असता.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी नळी काढली आणि अक्काची लघवी अडली. पूर्ण. बसते, उठते, पाणी पिते, थेंब नाही. नर्सनं नळ सोडून ठेवायला सांगितलं, आवाजानं होतं म्हणे. मी बाहेर उभा राहून बादलीत पाणी ओतत होतो, वर तोंडानं "सूऽऽ" करत होतो. अर्ध्या तासात वॉर्डातले तीन पेशंट उठून गेले आणि मलाही जावं लागलं. अक्काला काही नाही.

आतून आवाज आला, "रघ्या! पयले थांबे ना, आते ये ना! आन तू हसाडू नको, टाके दुखतस!"

परत नळी, पिशवी. तशीच घरी. मी टेम्पोत गादी टाकली, आणि खड्डा आला की मीच ओरडायचो, तिच्याऐवजी. सुरतेहून पोरग्याचा फोन आला. तापलेला. "मामा, तुम्ही आईला फसवलं! मी येतो, त्या डॉक्टरला बघतो!" ऑपरेशनला मीच नेलं होतं, लोट्याचा विनोदही मीच केला होता, म्हणजे दोन्ही गुन्ह्यांत मीच.

अक्कानं फोन हातातून घेतला. "बोटवर सात खोटी सांगेल शेत तिनी. हाई तिसरी शे. सांगेल खोट निंघनी त तो माल खोटा नही ऱ्हास. फोन ठेव."

त्या रात्रीपासून मी मात्र देवाला नारळ बोलत होतो. अक्का पिशवी पदराखाली लपवत होती, आधी लोट्यानं ओलं लपवायची तशी. चूल मिळवायला गेली आणि पिशवी घेऊन आली, असं तर नाही झालं? हे मी तिला विचारलं नाही.

आठवड्यानं परत जळगाव. बाईंनी तपासलं, म्हणाल्या, पट्टी थोडी घट्ट बसली, आता लवकर आहे तर सैल होईल. छोटीशी चीर, पट्टी जरा खाली ओढली. संध्याकाळी अक्का संडासातून बाहेर आली, दारात उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून सगळ्या वॉर्डाला सांगितलं, "व्हयनी!" बाया टाळ्या वाजवायला लागल्या. चाचीपण होती, तिचा व्यायाम चालू झालेला.

पुढं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत एक लग्न धुळ्याजवळ. मी लग्नघरच्यांना म्हटलं, अक्काचे मांडे नसतील तर माझं भरीतही नाही. ते म्हणाले, "तुमच्या भरताचं काय सांगू, पण मांडे हवेत." असो. अक्का आली.

चूल पेटली. तिनं लोटा काठोकाठ भरला आणि हात पुरणार नाही इतका लांब ठेवला. बाया जमल्या. त्यात ती साक्रीची आत्यापण होती, खानदेशात नात्याला तोटा नाही. अक्कानं गोळा घेतला, झेलला, पसरला. दोन्ही हात अडकले. मग माझ्याकडे बघितलं.

"बोल."

मी फोडणी टाकत होतो. "काय बोलू?"

"काय बी बोल. माले हसाड."

आणि मला काही सुचेना! सोळा वर्षं न विचारता बोललो, आणि आता विचारलं तर तोंड कोरडं. नाही थांबलं तर? परत त्या बायांपुढे? सातवी खोट मला पाठ होती. मी म्हटलं, "अक्का, राहू दे."

"बोल रे मुडद्या! मांडा फाटस!"

घाबरून मी मागे सरकलो, तो थेट ठेचलेल्या भरताच्या परातीत बसलो. गरम होतं. मी असा ओरडलो की नवरदेव घोड्यावरून वाकला. उठलो तर परात माझ्यासोबत उठली.

अक्काचं पोट हललं. मग खांदे. मग भडका. डोळ्यांतून पाणी, मांडा हातावर नाचतोय, बाया हसतायत, आत्याही हसतेय, आणि सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी. लुगडं कोरडं. खडखडीत. लोटा तिथं लांब, भरलेला.

अक्कानं मांडा खापरावर टाकला. मग आत्याला म्हणाली, "बाई, तो लोटा जरा दे. तहान लागनी." आत्यानं उठून, दोन्ही हातांनी दिला. अक्का घटाघटा प्यायली. 

त्यानंतर तिला सांगावे यायला लागले ते आलेच. बायाही यायच्या, मांडे सांगायला म्हणून, आणि हळूच दुसरंच विचारायच्या. अक्का कोणालाच म्हणाली नाही की करून घे. म्हणायची, "पयले आवळीसन दख तीन महिना. मंग जा. आन खोट इचारजो. जो काहीच नही सांगस, त्याले रामराम कर." वर्षानं तिच्याही पट्टीचा कोपरा आतून जरासा उघडा दिसला. बाईंनी मलम दिलं, मग तेवढा कापला. अक्कानं बोट मुडपलं. "पाचवी."

मागच्या वर्षी गुडघे गेले. पोरग्यानं सुरतेला न्यायचं ठरवलं. धुळ्याच्या स्टँडवर सोडायला मी गेलो. पोरगा तिकिटाला गेला होता. अक्का खिडकीत, मांडीवर खापर, फडक्यात बांधलेलं, पिशवीत दवाखान्याचे कागद, आणि हातात तो लोटा, वाटेच्या पाण्यानं भरलेला. म्हणे सुरतेला मातीचं खापर मिळत नाही, ही त्या गावाची पहिली खोट.

गाडी चालू झाली. मला भरून आलं. असं झालं की मी नेमकं काहीतरी फालतू बोलतो. म्हटलं, "अक्का, सुरतेला जपून हस. तापीला पूर आणू नको."

ती खिडकीतून वाकली. मला वाटलं डोक्यावर हात ठेवणार. तिनं लोटा उलटा केला. सगळा. बरोब्बर माझ्या पायजम्यावर, पुढून.

"आते सांग लोकसले, पाणी सांडनं म्हणीसन!"

आणि हसली. आधी पोट, मग खांदे, मग तो भडका, गाडीच्या आवाजाच्याही वर. कोपऱ्यावर गाडी वळेपर्यंत खिडकीत ती हसताना दिसत होती, कोरडी, एका हातानं खापर धरून.

मी फाटकाकडे निघालो. स्टँड केवढा लांब असतो ते मला त्या दिवशी कळलं. लोकं आधी पायजम्याकडे बघायची, मग माझ्या तोंडाकडे, मग दुसरीकडे. बाकावरच्या एका म्हातारीनं हळूच पदर सावरला आणि म्हणाली, "व्हस रे भाऊ, वय व्हयनं का. लाजू नको."

सांगणार होतो, की पाणी सांडलं. नाही सांगितलं.